रहांगडाले मास्तरांचे अकरा नग

रहांगडाले मास्तरांच्या खोलीत झाडण्यासारखे फारसे काही नव्हते. एक बाज, एक लोखंडी पेटी, कोनाड्यात चार-सहा पुस्तके, एक स्टोव्ह, दोन-तीन भांडी आणि जमिनीवर निळ्या-तांबड्या पट्ट्यांची एक सतरंजी. एवढ्या संसाराला केरसुणीचे दोन हात पुरले असते. तरीही गोंदियात व्हॅक्यूम क्लीनर असलेले माझ्या माहितीतले ते एकमेव घर होते. सतरंजी मास्तरांनी यंत्रासाठीच विकत घेतली होती, हे मला नंतर कळले. यंत्राला काही काम असावे, एवढाच तिचा उपयोग. बसायला तिच्यावर कोणी येत नसे.

मी नागपूरहून संस्कृत शिकवण्यासाठी तिथल्या शाळेत रुजू झालो, तेव्हा पन्नास साल उलटून गेले होते. गोंदिया त्या काळी भंडारा जिल्ह्यात होते. स्टेशनजवळच्या रेलटोली वस्तीत मला जी खोली मिळाली, तिच्या भिंतीपलीकडे मास्तर राहत. ते विज्ञान शिकवत. उदेलाल हे त्यांचे नाव हजेरीबुकाबाहेर कोणी उच्चारत नसे. आम्ही शिक्षक त्यांना मास्तर म्हणत असू आणि मुले त्यांच्या माघारी भोंगा मास्तर म्हणत, कारण रविवारी सकाळी त्यांच्या खोलीतून भातगिरणीच्या भोंग्यासारखा आवाज निघे, दोन मिनिटे टिके आणि बंद होई.

पहिल्या रविवारी तो आवाज ऐकून मी घाबरून त्यांच्या दारात गेलो. मास्तर जमिनीवर उकिडवे बसले होते. छताच्या दिव्याचा बल्ब काढून त्या जागी वायर जोडलेली होती आणि त्यांच्यापुढे दोन हात लांबीचा, निळसर रंगाचा, पितळी कड्यांचा एक गोल डबा घुमत होता. मास्तरांनी माझ्याकडे पाहिले, आणि ओळखपाळख काही नसताना म्हणाले, "हात आणा."

मी हात पुढे केला. त्यांनी माझे मनगट धरून तळवा डब्याच्या तोंडावर ठेवला. आतून कोणीतरी हात धरून ठेवावा, तसा तो ओढला गेला.

"कळलं?" त्यांनी विचारले.

"काय?"

"हे यंत्र धूळ ओढत नाही. हवा ओढतं. धूळ सोबतीनं येते." मग बटण बंद करून, मी आत आल्याची जाणीव त्यांना आत्ताच झाली असावी तसे ते संकोचाने म्हणाले, "बसा ना, पंडितजी. सतरंजी स्वच्छ आहे."

त्या दिवसापासून शाळेत मी सर्वांचाच पंडितजी झालो.

मास्तर चाळिशीच्या अलीकडचे, उंच, थोडे पुढे वाकलेले गृहस्थ होते. लग्न केले नव्हते. बोलणे छापील मराठीत. हिंदी फक्त बाजारात आणि घरची गावरान बोली कुठेच नाही. प्रत्येक वस्तू मोजून ठेवण्याची त्यांना सवय होती. प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या ते तासाच्या आधी मोजत आणि तासानंतर पुन्हा मोजत. एक कमी भरली तर मुलांना रागे भरत नसत. स्वतःच अस्वस्थ होत आणि ती सापडेपर्यंत जेवायला जात नसत. आमच्या शिक्षकदालनात यावरून पुष्कळ थट्टा चाले. ड्रॉइंग मास्तर एकदा म्हणाले, "मास्तर, लग्न करा. बायको एकच असते, मोजायचा त्रास नाही." सगळे हसले. मास्तरही हसले, पण अशा वेळी ते खिडकीबाहेर पाहून हसत.

त्यांच्या यंत्राची मात्र थट्टा करून थट्टेचे समाधान मिळत नसे, कारण ते गंभीरपणे उत्तर देत. गोंदियात गिरण्यांचा कोंडा आणि तुसाचा धूर कपड्यांवर, वह्यांवर, भाजीवर बसलेला असे. एका गिरणीच्या शेठजींना कुठून तरी यंत्राचा सुगावा लागला आणि त्यांनी माणूस पाठवला. "मास्टरजी, सेठजी बोल रहे हैं, गद्दी साफ करनी है। मशीन दे दो दो घंटे के लिए।"

"अधूरी है," मास्तर म्हणाले.

"क्या अधूरी?"

"नली नहीं है।"

"तो बाजार से ले लो ना!"

मास्तरांनी नुसती मान हलवली. तो माणूस गेल्यावर मीही तोच प्रश्न केला. ते डब्यावर जुन्या धोतराचे पांघरूण घालत होते. "नळी आहे," ते म्हणाले. "घरी आहे."

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी नागपूरला गेलो नाही, आणि मास्तरांनी मला त्यांच्या गावी येण्याचा आग्रह केला. त्यांनी कोणाला आग्रह करावा हेच नवल होते. नंतर माझ्या लक्षात आले की त्यांना एकट्याने जायचे नव्हते.

आम्ही पॅसेंजरने तिरोड्याला उतरलो आणि तिथून बैलगाडीने चोरखमाऱ्याच्या बाजूला निघालो. दोन्ही बाजूंना धान पिवळे पडून कापणीला आले होते. वाटेत मास्तरांनी यंत्राची कथा सांगितली. त्यांचे वडील त्या गावचे मालगुजार, म्हणजे सारा वसूल करणारे जमीनदार. सत्तेचाळीस साली नागपुरातला एक गोरा साहेब विलायतेला निघाला, तेव्हा त्याच्या बंगल्यातल्या सामानाच्या लिलावात वडिलांनी हे यंत्र घेतले. गावात वीज नव्हती. लोकांनी विचारले तर वडील म्हणत, एवढा मोठा तलाव आहे, पाणी आहे, म्हणजे वीज येणारच. वीज आली नाही. यंत्र बैठकीत चौरंगावर मांडून ठेवले गेले. दसऱ्याला नांगर-विळ्यांबरोबर त्याचीही पूजा होई. पाहुणे आले की वडील त्याचे एकेक अंग जोडून दाखवत आणि पुन्हा सुटे करून ठेवत. ते चालताना त्यांनी कधी पाहिले नाही. मालगुजारी गेली, पाठोपाठ वडील गेले, आणि तिघा भावांची वाटणी झाली.

"आणि यंत्र तुमच्या वाट्याला आले," मी म्हणालो.

"डबा आला," मास्तर म्हणाले. "वायर आणि धुळीची कापडी पिशवी आली. एकूण अकरा नग होते. तीन माझ्याकडे."

मी हसलो. ते हसले नाहीत. तेव्हा मला समजले की पंचांनी एका यंत्राच्या तीन वाटण्या केल्या होत्या. दोन सरळ दांड्या, जमिनीवर फिरवायचे रुंद तोंड आणि औषध फवारायची काचेची बरणी मधल्या भावाला, खेमराजला. नळी, वाकडी दांडी, केसांचा गोल ब्रश आणि फटीत घालायचे चपटे तोंड थोरल्याला, रूपलालला. गावात कोणाला त्यात काही चुकले असे वाटले नाही. बैलजोडीसुद्धा फोडून वाटतात, यंत्राचे काय?

घराच्या मधोमध नवीन मातीची भिंत उभी होती. आम्ही आधी खेमराजच्या बाजूला गेलो. मास्तरांच्या मधल्या वहिनी चुलीपुढे बसल्या होत्या, आणि त्यांच्या हातात चकचकीत विलायती दांडी होती. त्यांनी दांडी तोंडाला लावून एकच फुंकर घातली, चूल भडकली.

"पाहा," मास्तर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "हवा उलट्या दिशेनं."

"काय म्हनून राहिले भावजी?" वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, ती दांडी मला हवी."

"अन् मी चूल कायनं फुंकू? नाकानं?"

मास्तरांनी पिशवीतून पितळी फुंकणी काढली. ती त्यांनी गोंदियाच्या बाजारातून आधीच आणली होती. वहिनींनी ती उलटसुलट करून पाहिली. "तोंड लहान हाय इचं. साहेबाची चांगली, एका फुंकीत काम होते." मग दिराच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी दांडी धुतली आणि पदराने पुसून दिली. "घ्या बापा. फुंकनीसाठी गोंदियाहून येनारा दीर मी पयलाच पाह्यला."

दुसरी दांडी गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून होती. तिच्या बदल्यात खेमराजने बांबू तासून घेतला. रुंद तोंडाला चाके लावून मुलांनी गाडी केली होती. ती मास्तरांनी मुलांना लाकडी गाडी करून देण्याच्या बोलीवर सोडवली, आणि पुढच्या खेपेला खरोखर करून दिली. बरणीत लोणचे होते. वहिनींनी ते दुसरीकडे काढले, तरी त्या बरणीचा मोहरीचा वास शेवटपर्यंत गेला नाही.

मग आम्ही भिंतीच्या पलीकडे गेलो. ही दहा पावलांची वाट चालताना मास्तरांनी दोनदा टोपी नीट केली.

रूपलालभाऊ ओसरीवर दोर वळत बसले होते. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, डोळे बारीक करून बोलणारा माणूस. त्यांनी मला बसायला घोंगडी दिली, पाणी दिले, नागपूरची पीकपाण्याची हकिकत विचारली. भावाशी मात्र बोलले नाहीत. बोलायचे असले की माझ्याकडे पाहून बोलत.

त्यांच्यामागे भिंतीला खुंटीवर ती नळी टांगलेली होती. कापडात विणलेली, वेटोळे केलेली, दसऱ्याच्या हळदकुंकवाचा ठिपका लावलेली.

"पंडितजी," ते म्हणाले, "तीन चिजा कोपऱ्यात ठेवल्या हायेत. त्याले म्हना, घेऊन जा. बैलाले घासाले बरश कामाचा होता, पन घेऊन जा."

मास्तरांनी कोपऱ्यातल्या तिन्ही वस्तू घेतल्या. मग खुंटीकडे पाहिले. "भाऊ, नळी..."

"याच्याबिगर चालत नाई म्हनतेत, पंडितजी?"

मी मास्तरांकडे पाहिले. ते म्हणाले, "नाही चालत."

"मंग राहू दे."

दोराला पीळ पडत होता. मग रूपलालभाऊ पुन्हा माझ्याशीच बोलले, आणि आवाज न चढवता बोलले. "तुमी शिकलेले मानूस. एक गोष्ट इचारा तुमच्या दोस्ताले. पंचायले काय समजते, कल-मशीन का असते? पंच तर यादी वाचून वाटून राहिले होते. बाबुजीची एकच चीज घरात साऱ्यायची होती. तिचे अकरा नग कोनं लिवले?"

मास्तरांनी मान खाली घातली. उत्तर तेवढ्यातच मिळाले.

परतताना तलावाच्या पाळीवर आम्ही गाडी थांबवली. मास्तर पाण्याकडे पाहत उभे राहिले. "माझं अक्षर चांगलं," ते म्हणाले. "पंच म्हणाले, तू लिही. मी घरभर फिरून सगळं लिहिलं. काही हरवू नये, कोणाला कमी पडू नये, एवढंच मनात होतं. यंत्रापाशी आलो आणि एकेक भाग मोजून लिहिला. प्रयोगशाळेत लिहितो तसा. संध्याकाळी पंचांनी वाचायला सुरुवात केली, तेव्हा तिसऱ्या नगाला मला समजलं. पण भरल्या बैठकीत उठून चूक झाली म्हणायला..." त्यांनी टोपी नीट केली. "भाऊंना वाटतं मी मुद्दाम केलं. त्यांनी त्या दिवसापासून मला हाक मारलेली नाही."

धीर देणारे वाक्य ऐन वेळी मला कधीच सुचत नाही, आणि सुचले असते तरी त्या माणसाला त्याचा काय उपयोग होता?

गोंदियाला परतल्यावर दहा वस्तू सतरंजीवर ओळीने मांडल्या गेल्या आणि अकराव्याची जागा मोकळी राहिली. मास्तरांची निगा त्यानंतर अधिकच वाढली. दर रविवारी शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब, दांड्यांना राखेने घासणे, ब्रशाचे केस विंचरणे. मोटरीतला कार्बन झिजला आणि तसा तुकडा नागपुरातही मिळेना, तेव्हा त्यांनी टॉर्चचा संपलेला सेल फोडला, आतली काळी कांडी काढली आणि तीन दिवस कानशीने घासून बरोबर मापाचा तुकडा तयार केला. मूळची पिशवी विरली, तेव्हा मांजरपाटाची नवी शिवून घेतली. जुनी मात्र फेकली नाही, घडी करून पेटीत ठेवली.

आमच्या समोर मुन्नालाल नावाचा रेल्वेतला फिटर राहत असे. त्याला हा प्रकार पाहवेना. एके दिवशी तो भंगाराच्या लिलावातून ब्रेकची एक जुनी रबरी नळी घेऊन आला. "मास्टरजी, ये नली पूरी रेलगाड़ी रोक देती है। आपकी धूल क्या चीज है!" त्याने ती कापून, तार गुंडाळून, डब्याच्या तोंडावर घट्ट बसवली. बटण दाबले. यंत्राचा सूर बदलला. पलीकडच्या टोकाने सतरंजीवरचा कोंडा सपासप आत गेला. मुन्नालालने टाळी वाजवली. मीही, खरे सांगायचे तर, वाजवली.

मास्तरांनी सतरंजीची एक पट्टी स्वच्छ होऊ दिली आणि बटण बंद केले. त्यांनी मुन्नालालचे मनापासून आभार मानले, त्याला चहा पाजला, आणि दुसऱ्या दिवशी नळी धुऊन, पुसून परत नेऊन दिली.

"आदमी हैं कि क्या हैं?" मुन्नालाल मला म्हणाला.

मी मास्तरांना विचारले, "का दिली परत? चालले होते की."

"नग बारा होतात, पंडितजी," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात त्यांनी पेटीतून वाटणीच्या यादीची आपल्याजवळची प्रत काढली. माझ्यासमोर बसून, लाल शाईने, विद्यार्थ्याची वही तपासावी तशा त्या अकरा ओळी खोडल्या. खाली एकच ओळ लिहिली: 'यंत्र, एक.' बाजूला लिहिले: 'चूक माझी. उदेलाल.' ती प्रत त्यांनी पाकिटात घालून थोरल्या भावाला पाठवली. उत्तर आले नाही. रूपलालभाऊंना वाचता येत होते. उत्तराची सवय नव्हती.

पौषात गावोगावचे धान गोंदियाच्या गिरण्यांत येई. एका दुपारी, शाळा सुटून आम्ही घरी येतो तो मास्तरांच्या पायरीवर रूपलालभाऊ बसलेले. मांडीवर गमछ्यात गुंडाळलेले वेटोळे.

"धान घालाले आलो होतो," ते माझ्याकडे पाहून म्हणाले.

मास्तरांच्या हातून कुलूप उघडेना. किल्ली मी लावली.

बल्ब उतरला, वायर चढली. नळी रूपलालभाऊंनी स्वतः जोडली. वडिलांच्या हातून त्यांनी ती शेकडो वेळा जोडलेली पाहिली असणार. त्यांना एकदाही चाचपडावे लागले नाही. मास्तरांनी बटण दाबले. यंत्र घुमू लागले, तशी रूपलालभाऊंनी पायातल्या वहाणा काढल्या. दोघे भाऊ सतरंजीवर समोरासमोर बसले, आणि मास्तर रुंद तोंड एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर सावकाश फिरवत गेले. मध्येच थोरल्यांनी दांडी आपल्या हातात घेतली. धोतराचा सोगा चुकून आत ओढला गेला, आणि तो सोडवता सोडवता ते एकदम हसले. त्यांचे आणि मास्तरांचे हसणे सारखे होते. तेही हसताना खिडकीबाहेर पाहत.

"आवाज बहुत करते," ते म्हणाले. हे वाक्य माझ्याकडे पाहून बोललेले नव्हते.

"हो, भाऊ."

"बाबुजी घाबरले असते."

"हो."

चहा झाला. मग रूपलालभाऊंनी नळी उतरवली, झटकली, वेटोळे केले, गमछ्यात बांधली आणि वहाणा घातल्या. "गाडीची टाइम झाली, उदे," एवढे म्हणून ते स्टेशनकडे निघून गेले.

मला संताप आला. ज्या वस्तूसाठी माणूस इतके दिवस झुरला, ती दाखवून परत नेण्यात कसला मोठेपणा? मी तसे बोललोही.

"मी मागितलीच नाही," मास्तर म्हणाले. ते बल्ब परत बसवत होते. मला त्यांची पाठ दिसत होती.

त्यानंतर दोन वर्षे तसेच घडले. पौष आला की रूपलालभाऊ धान घेऊन येत, गमछ्यातून नळी निघे, यंत्र पंधरा मिनिटे चाले, चहा होई, आणि नळी पुन्हा गावी जाई. त्या पंधरा मिनिटांसाठी मास्तरांचे वर्ष चालले होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. त्यांची एक गोष्ट मला तेव्हा गमतीची वाटे. मार्गशीर्ष संपत आला की ते सतरंजी झाडणे सोडून देत. उलट सकाळी ती बाहेर गिरणीच्या वाऱ्याकडे पसरून ठेवत आणि संध्याकाळी अलगद, चारी कोपरे धरून, आत आणत. भाऊ येतील तेव्हा यंत्राला ओढायला पुरेशी धूळ असावी म्हणून. आमच्याकडे एक मोलकरीण होती, गोदाबाई. ती कपाळावर हात मारून म्हणे, "मास्तर, कोनी धूल घरात आनून राहिलं का कवा?"

पुढच्या भाद्रपदात रूपलालभाऊंच्या घरून माणूस आला आणि मास्तर त्याच्याबरोबर गेले. तेरा दिवसांनी परतले, तेव्हा त्यांच्या डोक्यावर केस नव्हते. शाळेत त्यांनी एक दिवसही अधिक रजा घेतली नाही. नळीविषयी मी विचारले नाही. पण मार्गशीर्ष सरता सरता एके सकाळी मी दार उघडले, तो सतरंजी बाहेर वाऱ्याकडे पसरलेली. मास्तर तिच्याशेजारी उभे होते. मी नमस्कार करून लगबगीने नळावर गेलो.

पौषात रूपलालभाऊंचा मुलगा दयाराम आला. पंचविशीचा, दोन मुलांचा बाप, घाईत असलेला शेतकरी गडी. गमछा तोच होता. मास्तरांनी त्याला आत घेतले, बल्ब काढला, यंत्र लावले, सतरंजीची शेवटची पट्टीसुद्धा सोडली नाही. दयाराम भिंतीला टेकून पाहत होता. चहा झाल्यावर तो म्हणाला, "बाबुजीनं सांगून ठेवलं होतं, काका. नळी उदेच्या घरी पोचवून देजो. म्हने, आता आमच्याइथं ठेवाचं काई काम नाई."

अकरा नग त्या खोलीत एकत्र पडले होते. बाहेरून गिरणीचा आवाज येत होता. मास्तरांनी नळी उतरवली. वेटोळे केले, गमछ्यात बांधले आणि दयारामच्या हातात दिले.

"काका, ठेवाले आनली ना मी!"

"माझ्याकडे जागा नाही, बापू," मास्तर म्हणाले.

दयारामने त्या खोलीकडे पाहिले. मीही पाहिले. एक बाज, एक पेटी, आणि चार भिंती जितक्या मोकळ्या असू शकतात तितक्या मोकळ्या.

"पुढच्या साली धान घेऊन येशील, तेव्हा आण."

"मी धान तिरोड्यालेच इकतो आता, काका. गोंदियाले येनं होत नाई माझं."

"तरी," मास्तर म्हणाले.

आम्ही दोघे त्याला पोचवायला स्टेशनवर गेलो. मास्तरांनी गमछ्याचे गाठोडे वाटभर स्वतःच्या काखेत धरले होते. पॅसेंजरला गर्दी होती. दयाराम आत शिरला, तेव्हा त्यांनी ते खिडकीतून त्याच्याकडे दिले. त्याच उन्हाळ्यात माझी भंडाऱ्याला बदली झाली, आणि दयाराम पुढे कधी आला की नाही, हे मला ठाऊक नाही. मी एक-दोन पत्रे लिहिली. मास्तरांनी उत्तरात माझी प्रकृती विचारली.

त्या दिवशी गाडी हलली. मास्तर खिडकीबरोबर चालू लागले. छापील मराठी त्यांनी त्या फलाटावर टाकून दिली आणि घरच्या बोलीत, मोठ्याने, लोक वळून पाहत असताना, ते सांगत होते: तिले उन्हात ठेवजो नोको, कापड विरते. चुलीच्या जवर टांगजो नोको. पावसात एकडाव कोरड्या फडक्यानं पुसजो. खुंटीवर मोठं वेटोळं करजो, लहान केलं तं आतली तार मोडते. गाडीचा वेग वाढला, तसा त्यांचाही वाढला. दयाराम केव्हाच खिडकीपासून उठून बसायला जागा पाहत आत गेला होता. फलाटाचा उतार सुरू झाला तिथे मास्तर थांबले, पण सांगायचे थांबले नाहीत.